तिसरा आकडा

आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. त्यात दोन माणसे आहेत. एक वेताच्या खुर्चीवर बसलेला. डोक्यास पागोटे, अंगात बंद गळ्याचा कोट, पायांत वहाणा. तो माझा पणजोबा. दुसरा त्याच्या उजव्या अंगाला उभा. अंगावर खाकी पोशाख, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या, कमरेला चामडी पट्टा, आणि डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला. हा दुसरा कोण, हा या लेखाचा विषय आहे. मात्र त्याहून मोठा विषय असा की तो कोण हे आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी विचारले नाही, आणि विचारण्याची वेळ आली तेव्हा उत्तर आधीच ठरलेले होते.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीस आले तेव्हा साताऱ्याकडील गावाहून एक लोखंडी ट्रंक त्यांच्याबरोबर आली. तीत हे छायाचित्र होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या बैठकीत ते अनेक वर्षे टांगलेले होते. लहानपणी आम्हांला सांगितले जाई, की बसलेले ते पणजोबा आणि उभे ते त्यांचे धाकटे बंधू. बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत. या धाकट्या बंधूंची कथा खरी आहे. त्यांच्या पत्नीने मरेपर्यंत कुंकू पुसले नाही, हे माझ्या आजीने डोळ्यांनी पाहिले होते. कथा खरी होती आणि छायाचित्रही खरे होते. खोटी होती ती या दोहोंना जोडणारी गाठ.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याचे ठरले. समिती नेमली गेली, वर्गणी जमली, वंशवेल तयार झाली. मुखपृष्ठासाठी हेच छायाचित्र निवडण्यात आले आणि त्याखाली द्यावयाचा मजकूरही लिहून झाला: ‘पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडलेले आमचे शूर पूर्वज.’ थोरल्या काकांनी मला एवढेच सांगितले, की तू दिल्लीस आहेस, तुझ्या घराशेजारी लष्कराची कचेरी आहे, तेवढा पलटणीचा क्रमांक खात्री करून कळव. त्यांना हवा असलेला क्रमांकही त्यांनी सांगून ठेवला होता. तो होता ११७.

येथे थोडा तपशील द्यावा लागेल, कारण संपूर्ण वाद एका आकड्याचा आहे. १९०३ मध्ये हिंदुस्थानी फौजेतील पलटणींना नव्याने क्रमांक देण्यात आले. मराठ्यांच्या पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे क्रमांक मिळाले. पुढे १९२२ मध्ये या सहा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री तयार झाली. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी तैग्रिसच्या काठी कुत येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत किती मेली याची करुण कहाणी प्रसिद्ध आहे. ११७ क्रमांकाच्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. कोणत्या घराण्याला आपला पूर्वज तेथे असावा असे वाटणार नाही?

छायाचित्रातील शिपायाच्या खांद्यावर पितळी अक्षरे आहेत. भिंगातून पाहिले असता पहिले दोन आकडे स्वच्छ दिसतात: एक आणि एक. तिसऱ्या आकड्याच्या जागी एक उभी रेघ आहे आणि तिच्या माथ्यावर बुरशीचा डाग. इंग्रजी एक आणि इंग्रजी सात यांत अंतर असते ते एका आडव्या रेघेचे. डागाखाली ती रेघ असेल तर ११७. नसेल तर १११.

१९०३ च्या क्रमांकनात १११ ही जागा रिकामी होती. ती भरली १९१७ मध्ये, आणि ज्यांनी भरली ते महार होते.

ही पलटण कुठून आली हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. परंतु लढवय्या आणि बिनलढवय्या जाती असे शास्त्र गोऱ्या अधिकाऱ्यांनी रचले आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. निवृत्त लष्करी पेशाचे गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे अर्ज केला. दार उघडले ते न्यायबुद्धीने नव्हे. युद्धाला माणसे कमी पडू लागली म्हणून १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. यानंतर वीस वर्षांनी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली तेव्हा ते दार पुन्हा उघडले. म्हणजे १११ हा क्रमांक खांद्यावर घेऊन फिरण्याची मुभा एका समाजाला जेमतेम चार वर्षे मिळाली. त्या चार वर्षांतील एक दुपार आमच्या ट्रंकेत आली होती.

हे मी केवळ डागावरून म्हणत नाही. डागावरून फक्त संशय घेता येतो. कुलवृत्तांतासाठी छायाचित्राची नवी प्रत काढावयाची म्हणून चौकट उघडली, तेव्हा पुठ्ठ्याच्या मागील बाजूस मोडीत लिहिलेली एक ओळ निघाली. आमच्या घरात ती कुणालाही वाचता आली नाही. ज्या लिपीत आपल्या पणजोबांनी जमाखर्च लिहिला, ती दोन पिढ्यांत आपल्याला चिनी लिपीइतकी परकी झाली आहे, ही गोष्ट अज्ञात सैनिकांच्या चर्चेत कुणी काढत नाही. ती काढली पाहिजे. पुण्याच्या एका मोडीच्या जाणकारांनी ओळ वाचून दिली. पणजोबांचे नाव, आमच्या गावाचे नाव, मग ‘सोबती’ हा शब्द, आणि त्यापुढे दुसरे नाव. त्या नावाच्या शेवटी ‘नाक’ होते. वर्षाचा भाग वाळवीने खाल्ला आहे. पण मराठा पलटणींत मराठे आणि दख्खनी मुसलमान घेतले जात. महारांना तेथे जागा नव्हती. नाकान्त नावाचा, त्या काळच्या खाकीतील आणि अकराने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा शिपाई दुसऱ्या कोणत्या पलटणीत असणार? वाळवीने खाल्लेले वर्षही मग पलटणच सांगते: १९१७ ते १९२१ यांमधले कोणते तरी.

त्या माणसाचे नाव मी येथे देत नाही. गावात त्याचे कुणी वंशज असतील तर त्यांना विचारल्यावाचून त्याचे नाव छापण्याचा अधिकार मला नाही. त्यांचा शोध चालू आहे.

हा निष्कर्ष मी समितीला कळवला. आलेली उत्तरे नमूद करण्यासारखी आहेत, कारण ती एका घराण्याची उत्तरे नाहीत. आपल्या इतिहासलेखनाच्या सवयींचीच ती उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे, की इतक्या जुन्या गोष्टीत एका आकड्याने काय बिघडते? मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. आनंदीबाईने ‘ध’ चा ‘मा’ केला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही आख्यायिका खरी असो वा नसो, एका अक्षराची किंमत तिने आपल्या भाषेत कायमची कोरून ठेवली आहे. येथे १११ चे ११७ केल्याने दोन माणसे मारली जातात. ज्याचा चेहरा छायाचित्रात आहे त्याचे नाव जाते. आणि जे बंधू खरोखरच बसऱ्याकडे जाऊन परतले नाहीत त्यांना परका चेहरा मिळतो. त्यांचा स्वतःचा चेहरा शोधण्याची इच्छाच संपते. ज्या बाईने नवऱ्याची वाट पाहत आयुष्य काढले, तिच्या दुःखापुढे आपण दुसऱ्याच माणसाचे चित्र उभे करतो. हा पूर्वजांचा गौरव नव्हे. ही त्यांच्याविषयीची बेपर्वाई आहे.

दुसरे उत्तर अधिक सुसंस्कृत होते. नाव कळत नसेल तर ‘अज्ञात सैनिक’ लिहू या. जगभर अज्ञात सैनिकाला वंदन करतात. हे खरे आहे. ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत एका अनामिक सैनिकाचा दफनविधी झाला, त्याच दिवशी पॅरिसच्या विजयकमानीत दुसऱ्या अनामिक सैनिकाची शवपेटी आणली गेली आणि ही प्रथा रुजली. पण त्या प्रथेमागची अट आपण विसरतो. तोफांनी छिन्नविच्छिन्न झालेल्या ज्या देहांची ओळख पटवणे मानवी शक्तीच्या बाहेर होते, त्यांच्यासाठी ती समाधी होती. ज्याचे नाव पुठ्ठ्यामागे लिहिलेले आहे तो अज्ञात नव्हे. तो दुर्लक्षित आहे. न जाणणे आणि जाणून न घेणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्यावर पहिल्याची फुले वाहता येत नाहीत.

हा फरक साम्राज्यानेही पुसला होता. बसरा येथील स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कुठे विसावले हे ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक माणसांचे ते स्मारक. तेथे गोऱ्या शिपायांची नावे दगडावर आली. हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साधा हिंदी शिपाई मात्र पलटणीवार संख्येत जमा झाला: अमुक पलटण, इतके. त्यांची नावे ठाऊक नव्हती असे नाही. दगडावर ती लिहावयाची नाहीत असे ठरले होते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या चौकशी समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० जणांचे नावानिशी किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. आयोगाने क्षमाही मागितली. आमच्या बंधूंची गणना त्या बसऱ्याच्या आकड्यांत कुठे तरी एक म्हणून झाली असेल.

आपल्या गावोगावच्या शिळांवर हीच भाषा आहे. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. ४६ ही संख्या साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांतील चार नावे किती जण सांगू शकतील? आणि याच्या शंभर वर्षे आधी, १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे कंपनीने जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांत नाकान्त नावे कितीतरी आहेत. म्हणजे एका शतकात साम्राज्य मोठे झाले आणि शिपाई लहान होत होत नुसता आकडा उरला. त्या स्तंभावरून आज कितीही वाद होवोत, एक गोष्ट निर्विवाद आहे: तेथे जाणारा माणूस बोट ठेवून नाव वाचू शकतो. नाव लिहिलेले असले की वाद घालता येतो, अभिमान बाळगता येतो, हक्क सांगता येतो. आकड्यावर यांतले काहीच करता येत नाही.

उलट उदाहरणही आपल्या जवळ आहे. माणगाव परिसरातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठेही नाही. इटलीतील कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. देह हरवला तरी माणूस हरवत नाही, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. मग देह, चेहरा आणि नाव हे तिन्ही हाताशी असताना माणूस हरवतो तो कुणामुळे?

तिसरे उत्तर समितीने लेखी दिले नाही, दूरध्वनीवर दिले. तो कुणी गडी असावा, असे थोरले काका म्हणाले. मी म्हणालो, काका, गडी पलटणीचा पट्टा बांधत नाही. ते थांबले आणि म्हणाले, अरे, पण मग त्याचा हात खुर्चीवर कसा? या प्रश्नात आमचा सगळा कुलवृत्तांत आला. गावात ज्याची सावली टाळली जात होती, तो स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यापुढे पणजोबांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हात ठेवून उभा आहे, आणि पणजोबांनी त्याला ‘सोबती’ म्हटले आहे. ते दोघे का भेटले, कुठे निघाले होते, पैसे कुणी दिले, यांतले काहीही मला ठाऊक नाही. तर्काने मी त्यांची मैत्री रचणार नाही. तसे केले तर माझ्यात आणि समितीत फरक उरणार नाही. पण एवढे निश्चित, की पणजोबांना त्याचे नाव लिहावेसे वाटले आणि त्यांच्या वंशजांना ते वाचावेसे वाटले नाही.

आता शासनाविषयी. ज्या वसाहतीत मी वाढलो तिथल्याच वेस्ट ब्लॉकमध्ये संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग वर्षानुवर्षे नांदत आला आहे. माजी सैनिकांच्या कल्याणाचे केंद्रीय सैनिक बोर्डही त्याच परिसरातले. दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैन्याच्या अधिकृत इतिहासाचे खंड आपल्याकडे तयार झाले. १९६२ च्या युद्धाचा इतिहास १९९२ मध्ये लिहून पुरा झाला आणि कुलुपात राहिला. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने नवे धोरण जाहीर केले: पंचवीस वर्षांहून जुन्या कागदपत्रांची तज्ज्ञांकडून छाननी व्हावी आणि ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावीत. धोरण स्वागतार्ह आहे. पण हा सारा इतिहास मोहिमांचा, डिव्हिजनांचा आणि सेनापतींचा आहे. शिपाई त्यात पुन्हा संख्येनेच येतो. इंडिया गेटच्या भिंतींवर १३,००० हून अधिक नावे आहेत; २०१९ पासून राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची नावे कोरली गेली. हे झाले म्हणजे कर्तव्य संपले असे मानण्याची सोय आपण करून घेतली आहे.

काय करता येते हे पंजाबने दाखवले. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या युद्धनोंदवह्यांतून सुमारे ३,२०,००० पंजाबी सैनिकांच्या नोंदी संगणकावर आणल्या गेल्या आणि २०२१ पासून त्या शोधता येऊ लागल्या. परदेशात राहणारी नातवंडे गावाचे नाव घालून पणजोबा शोधू लागली. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात गावशिळा आहेत, निवृत्तिवेतनाचे कागद आहेत, ट्रंका आहेत, आणि पदकेही आहेत. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचे पदक सैनिकाचे, काशाचे हमालाचे आणि मजुराचे. काशाचे म्हणून ते भंगारात घालणाऱ्या घरांना कुणी तरी हे सांगायला हवे, की कडेवरचे नाव चांदीवरच्या नावाइतकेच खरे आहे. विद्यापीठांतील मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एकेक तालुका घेतला तर एका पिढीत ही वही तयार होईल. अट एकच: जेवढे दिसते तेवढेच लिहावे, संशय असेल तेथे संशय लिहावा, आणि जात पाहून नाव गाळू नये.

माझे म्हणणे कुणाला कठोर वाटेल. पूर्वजांविषयी प्रेम असणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. पण ज्या प्रेमाला पूर्वज हवा असतो, माणूस नको असतो, ते प्रेम स्वतःवरचेच असते. जुन्या छायाचित्रातील अनोळखी शिपायाची ओळख पटवणे हा फावल्या वेळचा छंद नव्हे आणि घराण्याच्या मानाचा प्रश्नही नव्हे. ज्याचे देणे त्याला परत करण्याचा तो व्यवहार आहे. एखाद्याची जमीन चुकून आपल्या सातबाऱ्यावर चढली आणि खरा धनी कागदावरून कळला, तर आपण काय करतो, त्यावरून आपली पत ठरते. चेहऱ्याचेही तसेच आहे.

कुलवृत्तांत छापून झाला. जाड कागद, सोनेरी अक्षरे, प्रस्तावना एका मान्यवरांची. मुखपृष्ठावर छायाचित्र आहे, पण उजवीकडचा भाग कापून तेवढे पणजोबा ठेवले आहेत. खाली लिहिले आहे: ‘आमचे मूळ पुरुष, एकटे.’ ‘एकटे’ हा शब्द का घालावा लागला, हे मी विचारले नाही. कापणाऱ्याचे लक्ष नसावे किंवा कात्रीला जागा मिळाली नसावी; खुर्चीच्या पाठीवर चार बोटे राहून गेली आहेत.